तोंडातला खर्रा

"दादा, वारा घुसून राह्यला माइकात. एक डाव पुन्हा घेऊ. अन् आबाजीचं नाव आलं का थोडसाक थांबजो."

पोट्ट्यानं मान हलवली. डोक्यावरची कृषी केंद्राची पांढरी टोपी काढून शेजारच्या मुलाच्या हातात दिली आणि त्याच्याकडून ट्रॅक्टरच्या शोरूमची निळी टोपी घेतली. म्हणजे प्रश्न फक्त वाऱ्याचा नव्हता. मग गळ्यातला शेला सारखा केला आणि मघाचंच सगळं पुन्हा सुरू केलं : "सर्वप्रथम मी आभार मानतो..." जानेवारी संपत आलेला. शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या मैदानापलीकडे तुरी सोंगून झालेल्या, तुराट्यांच्या पेंढ्या धुऱ्यावर उभ्या केलेल्या, आणि मैदानावरची माती दिवसभर खुरांनी कुटून कुटून पिठासारखी झालेली. ती माती सगळ्यांच्या भुवयांवर बसली होती, त्यामुळे पंचविशीतली पोरंही साठीची दिसत होती. मागे हिऱ्या आणि पाखऱ्या हे बैल उभे होते, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. तिसऱ्या वेळी डोक्यावर एका पुढाऱ्याच्या फोटोची टोपी आली. "जे काही आहे ते माझ्या आजोबांमुळे आहे. मौनी धुरकरी म्हणून त्यांना अख्खा जिल्हा ओळखतो," असं म्हणून तो थांबला, आवाज दाटला, डोळ्यांत पाणी आलं. खरोखरचं पाणी. पण पहिल्या वेळी आलं होतं तेही खरं होतं, आणि अगदी त्याच शब्दावर. मोबाईल खाली गेल्यावर तो माझ्याकडे आला, बाहीनं नाक पुसलं आणि विचारलं, "काका, बराबर झालं नं?"

झालं, म्हटलं. चांगलं झालं.

मैदानावरून परतताना मोटारसायकलवर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याचं रडणं नव्हे, ते मी समजू शकतो. खुपत होते ते दोन शब्द, 'मौनी धुरकरी'. धुरकरी म्हणजे पटात जोडी हाकणारा. कारण ते त्याचे नव्हते, त्या मोबाईलवाल्याचेही नव्हते आणि अख्ख्या जिल्ह्याचे तर मुळीच नव्हते. ते माझे होते. 1998 साली, रात्री साडेनऊला, फॅक्स बंद व्हायच्या आत बातमी टाकायची म्हणून एसटी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर बसून मी ते लिहिले होते.

तेव्हा मी एका दैनिकाचा गावपातळीवरचा वार्ताहर होतो. मानधन इतकं की गाडीचं पेट्रोल निघालं तरी दिवाळी. शंकरपटाची बातमी म्हणजे उद्घाटन कोणाच्या हस्ते, किती जोड्या आल्या, इनाम कोणाला, एवढंच छापून यायचं. त्या वर्षी संपादकीय विभागातून एका साहेबांचा निरोप आला की आकडे नकोत, माणूस पाहिजे. आता पटात माणसाला काय तोटा! पण बातमीतला माणूस वेगळा असतो, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं. त्याला काहीतरी एक असावं लागतं. एक डोळा नसावा, पाच मुली असाव्यात, नाहीतर कर्ज असावं. आबाजींना यातलं काहीच नव्हतं. चार एकर कोरडवाहू वावर, दोन पोरं, आणि हातात कासरा आला की बैलाच्या अंगात वारं भरवायची कला. पहिला नंबर आल्यावर मी धावत गेलो आणि विचारलं, "आबाजी, काय वाटून राह्यलं?" ते माझ्याकडे पाहत राहिले. मग बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला. काही बोलले नाहीत. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग वळून ते बोरीच्या कुपाटीमागे, म्हणजे काटेरी कुंपणामागे, निघून गेले.

मला माझा माणूस सापडला. 'माणसांशी नव्हे, बैलांशी बोलणारा मौनी धुरकरी.' तीन कॉलम आले, फोटोसह.

दोन महिन्यांनी मला खरं कळलं. त्यांच्या ओसरीवर चहा पिताना आबाजी स्वतःच हसत म्हणाले, "अबे, तोंडात खर्रा होता ना माह्या. आताच भरला होता. थुकाले जागा पाहून राह्यलो होतो, तं तू समोर येऊन उभा!" ते कुपाटीमागे गेले होते ते पिचकारी टाकायला. आमच्याकडे खर्रा कसा असतो हे सांगायची गरज नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानटपरीवाला पाटीवर असा घासतो की अर्धा चौक त्या करकर आवाजावर जागा असतो. तो तोंडात भरल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं मुख्यमंत्री आले तरी माणूस 'हूं' म्हणतो. मी त्या 'हूं'मधून एक तपस्वी काढला होता.

सगळे हसलो. आबाजींच्या सुनेनं तर पदर तोंडाला लावला. कारण घरात या माणसाचं तोंड कोणी बंद पाहिलंच नव्हतं. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांच्या सणाची कवनं, म्हणायला गावात आबाजींसारखा दुसरा नव्हता. शंकर-पार्वतीपासून सुरू करून गावच्या सोसायटीच्या सचिवावर आणून सोडायचे, आणि त्या सचिवालाही हसावं लागायचं. आवाज असा की मारुतीच्या पाराहून नदीच्या पांदणीपर्यंत ऐकू जावा.

पण पुढच्या वर्षी पटात लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला, "आता धावपट्टीवर येत आहेत, पेपरात गाजलेले, मौनी धुरकरी..." आणि लोक उभे राहून पाहायला लागले. मी पाहत होतो. आबाजी एरवी जोडी उभी करताना शेजाऱ्याला शिव्या घालत, पोरांना हाकलत, बैलांना लाडानं काहीबाही बोलत यायचे. त्या दिवशी ते गप्प आले. सरळ पाहत. छकड्यावर बसले, कासरा आवळला, सुटले, जिंकले, उतरले. कोणीतरी विचारलं, काही बोला. त्यांनी मान हलवली आणि वशिंडावरून हात फिरवला. मागच्या वर्षी फोटोत आला होता तस्साच, त्याच हातानं.

मग ते तसेच झाले. घरी आणि पोळ्याला तोंडाचा पट्टा, पटात मौन. चार-पाच वर्षांनी मी चिडवलं तर म्हणाले, "तूनंच तं लिवलं. आता बोललो तं लोक म्हनतीन, बुढा बदलला." आणि हळूच पुढे, "गप राहाचं म्हनजे सोपं नसते बे. तोंडात काई पाहिजे. खर्रा वाढला माहा तुह्या पायी."

हे मी इतकी वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. लग्नात, मयतीत, कुठेही. आता सांगत नाही, कारण आबाजींचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. अमरावतीच्या डॉक्टरनं बोटं घालूनच मोजलं होतं. फायब्रोसिस. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, दोरीसारखी. गावात आणखी आठ-दहा जणांना आहे, त्यातले काही तर तिशीतले, आणि त्यांच्याबद्दल पेपरात मी एक ओळ लिहिलेली नाही. म्हणजे खर्रा माझ्यामुळे लागला असं म्हणायला जागा नाही. तो आधीच होता. पण तो 'वाढला' हे त्यांनी म्हटलं होतं, हसत म्हटलं होतं, आणि मी त्या हसण्याच्या आड बरीच वर्षं काढली. आता भाकर दुधात कुस्करून खातात. झडत्या नाहीत. बोलणं समजायला कान जवळ न्यावा लागतो. नाव खरं झालं.

माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात महिनाभर इथे राहून लॅपटॉपवर काम करत होता, आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे ढोरं घरी यायच्या वेळेला, फॉर्म्युला वनची शर्यत लावायचा. पहिल्यांदा मला काही गम्य नव्हतं. वीसेक गाड्या डासांसारख्या गुणगुणत गोल फिरतात, आणि आपला बैल पाहिलेल्या माणसाला त्यात हात घालावा असं काही दिसत नाही. पण शर्यत संपली की मी खुर्ची पुढे ओढायचो. कारण मग ते ड्रायव्हर हेल्मेट काढायचे, घामेजलेल्या केसांवर टोपी चढवायचे, पाण्याची बाटली कंपनीचं नाव दिसेल अशी धरायचे आणि बोलायचे. प्रत्येकाच्या मागे एक बाई किंवा बुवा हातात रेकॉर्डर धरून उभा, हा काय बोलला याची नोंद ठेवायला. आणि सगळे एकच बोलायचे : टीमचे आभार, कारखान्यात राबणाऱ्यांचे आभार, गाडी छान होती, पुढच्या वेळी आणखी मेहनत करू. भाचा म्हणाला, "मामा, यांना शिकवलेलं असतं." म्हटलं, ते दिसतेच आहे बाबा, आमचा झेडपीचा सभापतीही असंच बोलते.

त्यातच मला किमी राइकोनेन भेटला. फिनलंडचा. तो तोवर निवृत्त झालेला, पण भाच्यानं जुने व्हिडिओ दाखवले. 2001 साली आला तेव्हा मोटारींच्या जेमतेम 23 शर्यतींचा अनुभव गाठीशी. बोलणं जवळजवळ नाहीच. प्रश्न दोन मिनिटांचा, उत्तर दोन शब्दांचं. पुढे मॅक्लॅरेन या संघात असताना तिथले मोठे साहेब रॉन डेनिस यांनी त्याला 'आइसमॅन' म्हटलं, बर्फाचा माणूस. ते नाव चिकटलं. 2012 ला अबू धाबीच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असताना इंजिनिअर रेडिओवरून काही सांगायला लागला तर यानं त्याला झापलं, की मला माझं करू द्या, मला कळतंय मी काय करतोय. शर्यत जिंकलाही. आणि ते रागाचं वाक्य टी-शर्टांवर छापलं गेलं! म्हणजे ज्याला बोलायचं नव्हतं त्याचं न बोलणंच माल झालं. मी व्हिडिओ थांबवायला लावला तो त्याच्या हाताजवळ. मनगटाच्या वर, कातडीवर गोंदलेलं : 'आइसमॅन'.

मी त्या हाताकडे बराच वेळ पाहत होतो. भाच्याला वाटलं, गोंदण आवडलं. हा माणूस मुळात अबोल असेलही. बहुधा होताच. आबाजींसारखा त्याच्या तोंडात खर्रा नव्हता. पण एकदा नाव अंगावर कोरून घेतल्यावर, एखाद्या दिवशी भरपूर बोलावंसं वाटलं तर त्यानं काय करायचं? नंतर त्यानं इन्स्टाग्रामवर बायको-पोरांचे फोटो टाकायला सुरुवात केली तेव्हा जगभरातल्या लोकांना म्हणे नवल वाटलं की हा हसतो. घरी हसतच असेल ना बापा. आबाजींच्या सुनेला विचारा.

टोप्यांचंही तिथे मोठं शास्त्र आहे. अमेरिकेत नॅसकार नावाच्या शर्यती होतात, तिथे जिंकणारा ड्रायव्हर गाडीपाशी उभा राहून एकामागून एक टोप्या बदलत फोटो काढतो. प्रत्येक प्रायोजकाची टोपी, प्रत्येकाचा फोटो, आणि तेच हसू. त्याला तिथे 'टोप्यांचा नाच'च म्हणतात. हे ऐकलं तेव्हा मी खो खो हसलो होतो. यंदाच्या जानेवारीत पांढरी, निळी आणि पुढाऱ्याची अशा तीन टोप्या डोळ्यांसमोर बदलताना पाहिल्या तेव्हा नाही हसलो.

टोपीवरून निकी लाउडा आठवतो. ऑस्ट्रियाचा. 1 ऑगस्ट 1976 ला जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर त्याची गाडी पेटली. डोकं, चेहरा भाजला, उजव्या कानाचा बराचसा भाग गेला, फुप्फुसात विषारी धूर. धर्मगुरूंना बोलावून शेवटचे संस्कारही करून झाले होते. तो 42 दिवसांनी इटलीत मोंझाला पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. नंतर तो भाजलेलं डोकं झाकायला लाल टोपी घालू लागला, आणि त्या टोपीवर परमलाट या दुधाच्या कंपनीचं नाव आलं. टोपी त्याची ओळख झाली. पुढे त्या जागेवर दुसऱ्या कंपन्या आल्या. जखमेवरची जागा त्यानं भाड्यानं दिली आणि आयुष्यभर भाडं खाल्लं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. मग वाटलं, वा रे पठ्ठे. लोक नाहीतरी तिथेच पाहणार होते. फुकट काऊन पाहू द्यायचं? या दोन्ही भावना अजून माझ्यात एकमेकींशी बोलत नाहीत.

पूर्वी म्हणे गाड्यांना देशाचा रंग असायचा. इंग्रजांची हिरवी, इटलीची लाल. 1968 मध्ये लोटस या इंग्रजी संघानं हिरवा रंग उतरवून गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचे लाल-पांढरा-सोनेरी रंग चढवले आणि दार उघडलं. आमच्याकडे पटाला जोडी गावाच्या नावानं यायची. अमक्या गावची जोडी, तमक्याचा धुरकरी. इनाम म्हणजे पितळी गुंड, फेटा, फार तर चांदीचं कडं. मग मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पट बंद केले, 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, आणि या साडेसात वर्षांत गावात दोन गोष्टी झाल्या. म्हातारे आणखी म्हातारे झाले आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. बंदी उठली तेव्हा जो पट परत आला तो वेगळाच होता. तुतारी, म्हणजे आर लावलेली काठी, टोचणं नाही, मारणं नाही, हे उत्तमच झालं. बैलाची पाठ आता पाहवते. पण गावाच्या नावाआधी मालकाचं नाव, मालकाच्या आधी फर्मचं नाव, आणि मोटारसायकल इनाम देणाऱ्याचं नाव बॅनरवर बैलाच्या फोटोपेक्षा मोठं. आमच्या पोट्ट्याची जोडीही त्याची नाही. एका ठेकेदाराची आहे. राहते याच्या कोठ्यात, सरकी-ढेपेचा खर्च ठेकेदार देतो, आणि पोट्टा मानधनावर हाकतो. टी-शर्टावर पुढे ठेकेदार, मागे बियाण्याची कंपनी, बाहीवर मोबाईलचं दुकान. स्वतःचं नाव? ते कॉलरच्या खाली, इवलंसं, शिंप्याच्या लेबलाएवढं.

मी याला नावं ठेवत नाही. ठेवायची कुठल्या तोंडानं? वावरात कापसानं दिलं काय हे सगळ्यांना माहीत आहे. पटाच्या मानधनातून त्यानं घराचा स्लॅब टाकला.

त्याचा एक दोस्त आहे, शेजारच्या तालुक्यातला धुरकरी. तळेगाव दशासरच्या पटाला दोघं एकाच टेम्पोतून बैल घेऊन गेले होते, रात्री बैलांजवळच एका चादरीखाली झोपले, एकाच डब्यातला ठेचा खाल्ला. मग कोण्या चॅनलवाल्यानं दोघांचे चेहरे समोरासमोर चिकटवले, मध्ये वीज कडाडलेली, खाली लाल अक्षरात 'खुन्नस'. तो व्हिडिओ असा चालला की पुढच्या पटात प्रत्येकजण विचारायला लागला, खुन्नस कायची? दोघांना मजा वाटली. कॅमेऱ्यापुढे एकमेकांकडे डोळे वटारायचे आणि नंतर फोनवर खिदळायचे. मालकांनाही बरं वाटलं, बोली वाढली. मग खालच्या कमेंटींत पोरांनी एकमेकांच्या गावाची, जातीची, आईची काढली. एकदा याच्या जोडीनं हुकवलं तेव्हा त्या दोस्ताच्या बाजूनं कोणीतरी फटाके फोडले. आता ते फोनवर खिदळत नाहीत. मी विचारलं तर पोट्टा म्हणाला, "काई भांडन नाई काका. पन आता बोललं तं लोकं म्हनतीन सेटिंग हाय." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. वेगळ्या तोंडून.

फॉर्म्युला वनचा मॅक्स व्हर्स्टापेन, गेल्या काही वर्षांतला सगळ्यात वेगवान, तो यावरच बिघडला होता. 2019 पासून नेटफ्लिक्सवर या शर्यतींच्या पडद्यामागची मालिका येते. अमेरिकेत हा खेळ घरोघरी नेण्यात तिचा मोठा वाटा. यानं मध्ये तिला मुलाखती देणंच बंद केलं, म्हणाला नसलेली वैरं रंगवतात. पुढे बोलणी झाली, पुन्हा द्यायला लागला. 2024 मध्ये सिंगापूरला पत्रकार परिषदेत स्वतःच्या गाडीबद्दल एक शिवी गेली तोंडून, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सुनावली. मग त्यानं काय करावं? पुढच्या अधिकृत परिषदेत एकेका शब्दाची उत्तरं दिली, आणि पत्रकारांना म्हणाला, बाहेर या, बाहेर बोलू. आणि बाहेर बोलला. भाच्यानं हे दाखवलं तेव्हा मला एकदम आमची ती बोरीची कुपाटी आठवली. माणसाला अशी एक जागा लागते. थुंकायला म्हणा, बोलायला म्हणा.

पण हा ज्या हिकमतीनं माइकच्या अलीकडे-पलीकडे येजा करतो ती सगळ्यांना जमत नाही. आणि त्याच्याकडे जिंकलेल्या जागतिक स्पर्धा आहेत, त्याला गमवायचं कमी आहे. आमच्या पोट्ट्याला मी एकदा म्हटलं, तू आपल्या बोलीत बोल ना, हे 'सर्वप्रथम मी आभार मानतो' कायले? तर म्हणाला, "काका, वऱ्हाडीत बोललं का लोक हासतेत. कॉमेडीवाला समजतेत." हे खरं आहे. आमची बोली पडद्यावर आली की हसायलाच आली. म्हणजे पोरगं खोटं बोलत नव्हतं, अंगात कोट घालत होतं. लग्नात आपण घालतोच की. प्रश्न एवढाच की ह्याचं लग्न दर रविवारी असतं. आणि आबाजी पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणायचे ते तरी काय होतं? तोही चार लोकांपुढचा आवाजच, बढाया मारणारा, घासून आणलेला. फरक मला नीट सांगता येत नाही. झडती म्हटल्यावर तोरण तुटायचं, बैल पळायचे आणि माणूस घरी येऊन पुरणपोळी खायचा. तोरण तुटलं की ते संपायचं.

त्या जानेवारीच्या रात्री मी त्यांच्या घरी थांबलो होतो. सुनेनं वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. आबाजी ओसरीवर खाटेवर, कानाला मफलर, समोर वाटीत दुधातला काला. पोट्टा आत-बाहेर करत होता, कारण व्हिडिओ चढला होता आणि आकडा वाढत होता. मग त्यानं खाटेजवळ उकिडवं बसून आजोबांपुढे मोबाईल धरला. मला जरा भीती वाटली. नातू पडद्यावर म्हणत होता, मौनी धुरकरी, अख्खा जिल्हा, आणि थांबला, आवाज दाटला, डोळे भरले. खाली संगीतही टाकलं होतं, सनईसारखं काहीतरी. मी आबाजींच्या तोंडाकडे पाहत होतो. ते नातवाकडे पाहतच नव्हते. मान वाकडी करून पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होते. बोटानं खूण केली, मागं घे.

मागं घेतलं. पुन्हा मौनी धुरकरी, पुन्हा पाणी.

"पाय पाय," आबाजी म्हणाले. दोन बोटं उघडणाऱ्या तोंडातून ते 'पा पा' असं आलं. पोट्ट्याला वाटलं, बघ बघ म्हणतायत, कौतुक करतायत. आमच्या बोलीत पाहा म्हणजे पाय. तो हसला. "पाह्यलं ना आबाजी, पन्नास हजाराच्या वर गेला."

आबाजींनी खाटेच्या गातावर हात आपटला. "त्याचा पाय पाय बे. हिऱ्याचा."

मग मीही पाहिलं. पोट्ट्याच्या खांद्यामागे, टोपीवरच्या पुढाऱ्याच्या कानाशेजारी, हिऱ्या उभा होता आणि पुढचा उजवा पाय टेकत नव्हता. टेकवायचा, उचलायचा. तीन टोप्या, तीन व्हिडिओ, आणि तिन्हींत तो तेच करत होता. आम्ही चार हातांवर उभे होतो. पोट्ट्याची तर पाठच होती तिकडे.

मोबाईल खाटेवर उलटा पडला, सनई वाजतच राहिली. पोट्टा अनवाणी कोठ्याकडे धावला. मी बॅटरी घेऊन मागे. कोठ्यात शेणाचा आणि ढेपेचा उबदार वास, पाखऱ्या बसून रवंथ करत होता, हिऱ्या उभाच. पोट्ट्यानं त्याच्या पायाजवळ बसून खूर मांडीवर घेतलं, आणि घेता घेता बोलायला लागला, एकसारखा, श्वास न घेता, "काऊन रे राजा, सांगाचं नाई का मले, कोनाले सांगशीन मग, थांब ना, थांब, माहा बापू, झालं, झालं." खुराच्या बेचक्यात बाभळीचा काटा होता, काळा, अर्धा आत मोडलेला. त्यानं नखानं माती काढली, काढता येईना, मग वाकून दातानं धरला.

मागे काठीचा आवाज आला. आबाजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. गालात काहीतरी फुगलं होतं. डॉक्टरनं बंद करून चार वर्षं झाली होती. मला काही म्हणायचं होतं, पण त्यांनी काठीनं माझ्या हाताला टोचलं.

"तिकडं कुठी पाडते उजेड," ते म्हणाले. "खुरावर पाड."